जनावरं सांभाळताना देवावरच्या भरवशाबद्दल काही उमगलं का?

उंबरठा:
नमस्कार. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय. सांभाळून घ्या.

वडील गेले त्याला दीड वर्ष झालं. गोठा त्यांचा. मी नोकरीवर होतो, सुट्टीला यायचो तेव्हा मला धड धारही काढता येत नव्हती. ते गेल्यावर जनावरं विकून टाकायची असं घरात ठरलं होतं. पण गिऱ्हाईक येऊन गायीचा जबडा उघडून दात बघायला लागलं आणि माझा पाय निघेना. राहिलो. आज चार गायी, एक कालवड आणि सहा शेळ्या आहेत.

मला सांगायचंय ते कालवडीचं. मागच्या पावसाळ्यात एका रात्री ती कुंपणाच्या तारेत अडकली. मागचा उजवा पाय, खुराच्या वर, पार हाड दिसेपर्यंत कापला. मी तार तोडायला जवळ गेलो की ती जिवाच्या आकांताने पाय ओढायची आणि तार अजून आत रुतायची. "अगं थांब, सोडवतोय तुला," असं मी रडकुंडीला येऊन ओरडत होतो. तिला काय कळणार? तार आणि मी, तिच्या लेखी दोन्ही एकच. शेवटी तिच्या तोंडावर पोतं टाकलं. डोळ्यांपुढे अंधार झाला तेव्हा ती थांबली. मग तार कापता आली.

पुढे बावीस दिवस रोज जखम धुणं आणि पट्टी. दुखवणारा मीच. औषधाचं घमेलं दिसलं की ती थरथरायची. आणि त्याच दिवशी संध्याकाळी मी गव्हाणीजवळ टेकलो की येऊन माझ्या खांद्यावर मान टाकायची.

वडील गेल्यापासून माझं देवाशी बोलणं बंद होतं. भांडण नाही, काही नाही, नुसतं बंद. त्या रात्री ती पोत्याखाली शांत झाली तेव्हा वाटलं, वर्षभर मीही तार ओढतोय की काय.

तर विचारायचं असं, की ही तुलना खरी आहे का मी स्वतःची समजूत घालतोय? ज्यांचं आयुष्य जनावरांत गेलंय त्यांनी मनापासून सांगावं. कालवड आता गाभण आहे, पहिलारू. दिवस भरत आलेत.

वाचनमात्र:
पोत्याचं वाचून थांबले. मोठं उत्तर नंतर लिहीन. धाग्याबद्दल आभार.

पिसारा:
उंबरठा, तुमचं वाचून मला माझी एक चूक आठवली. ती लिहिते.

कोंबडी खुडूक बसली की एकवीस दिवस. अंडी उलटीपालटी करायची, दिवसातून एकदा खाली उतरून चार दाणे टिपायचे आणि परत बसायचं. पहिल्या वर्षी मला हे बघण्याचंच वेड लागलं होतं. एकविसाव्या दिवशी एका अंड्याला चोचीएवढं भोक पडलं, आतून चिवचिव ऐकू आली. संध्याकाळ झाली, रात्र झाली, भोक तेवढंच. आतलं पिल्लू धडपडतंय, थांबतंय, परत धडपडतंय. मला बघवेना. मी नखाने हळूहळू कवच सोलून त्याला बाहेर काढलं. कवचाच्या आतल्या पापुद्र्याला बारीक रक्त लागलं. सकाळी पिल्लू गेलेलं होतं.

नंतर कळलं, की ते जेव्हा थांबतं तेव्हा आत काम चाललेलं असतं. पापुद्र्याच्या शिरांमधलं रक्त अंगात ओढून घ्यायचं असतं, उरलेला बलक पोटात घ्यायचा असतो. पहिल्या भोकापासून बाहेर यायला अख्खा दिवससुद्धा लागू शकतो. त्या बलकावर पिल्लू दोन-तीन दिवस दाण्यापाण्याशिवाय तगून राहतं, म्हणून तर मागे राहिलेली अंडी फुटेपर्यंत कोंबडी बसून राहू शकते. सगळी सोय आधीच करून ठेवलेली. मला तेवढी दिसली नव्हती.

तेव्हापासून मी हाक मारली आणि देव आला नाही असं वाटलं, की मला तो पापुद्रा आठवतो. प्रत्येक वेळी हेच कारण असतं असं मी म्हणत नाही. मला तेवढं कळत नाही. पण "तो येत नाही म्हणजे त्याला फिकीर नाही" हे मात्र आता माझ्याने म्हणवत नाही.

दुसरीबाजू:
पिसाराताई, लिहिलंय सुरेख. माझा देवावर विश्वास नाही, हे आधीच सांगतो म्हणजे गैरसमज नको. कोंबडी भरवशाने बसत नाही. तिच्या रक्तात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढलेलं असतं, म्हणून बसते. खाली अंडी नसली तरी बसते, गोल दगडांवरसुद्धा बसते. हा भरवसा असेल तर दगडावर ठेवलेला भरवसाही तितकाच खरा म्हणायचा का?

उंबरठा, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तुमची कालवड खांद्यावर मान टाकते ते खरं आहे, त्यात मोल आहे. पण तिथून देवापर्यंतची उडी तुमची आहे, तिची नाही.

पिसारा:
दगडावर बसलेली कोंबडी मीही पाहिली आहे, दादा. त्यात फसवणूक तिच्या भरवशाची नसते, दगड ठेवणाऱ्याची असते.

शेळीपुराण:
एवढं गंभीर चाललंय, त्यात माझ्या शेळ्यांना जागा द्या.

मेंढ्या आणि गायी भरवसा शिकवत असतील. शेळी दार उघडायला शिकवते. माझ्या थोरल्या शेळीने कडी जिभेने वर ढकलून उघडली. कडीला दोरी बांधली तर दोरी खाल्ली. खिळा लावला तर दोन दिवस विचार केला आणि शेजारची फळीच पाडली. आणि हे सगळं करून जायचं कुठे? तर माझ्याच मागे, मी जिथे असेन तिथे. चारा सोडून येते आणि पायात उभी राहते.

मी प्रार्थना फार करत नाही. पण देवाला माझ्यासारखी माणसं कशी दिसत असतील ते मला हिच्यामुळे कळतं. कुंपण नको, पण मालक पाहिजे.

मुक्काम_गोठा:
शेळीपुराण, शेवटची ओळ वहीत लिहून घेतली.

कळपामागे:
मी चाळीस वर्षं मेंढरांमागे आहे. लिहायची सवय नाही, नातू टाइप करून देतोय.

मेंढीला लोक बावळट म्हणतात, त्याचं वाईट वाटतं. मेंढी भित्री आहे, बावळट नाही. तिला शिंग नाही, नख नाही, लाथही जोरात मारता येत नाही. दोनच गोष्टी येतात, कळपाला चिकटणं आणि आवाज ओळखणं. माझी हाक माझा सख्खा भाऊ हुबेहूब काढतो. माणसं फसतात. मेंढरं एकदा मान वर करतात आणि परत चरायला लागतात. आवाजात काय ऐकतात ते त्यांचं त्यांना ठाऊक.

एक गोष्ट सांगतो. कोकरू जन्मल्यावर पहिल्या तास-दोन तासात मेंढी त्याला चाटते आणि त्याचा वास धरते. नंतर दुसरं कोकरू आचळाला लावायला गेलं तर ढुशी मारून लोटते. एका वर्षी एकीचं कोकरू मेलेलं आलं आणि त्याच रात्री दुसरी मेंढी विताना गेली, कोकरू मागे राहिलं. एकीकडे दूध भरून आलेलं, एकीकडे भुकेलं पिल्लू, आणि दोघांची गाठ पडेना. मग वडिलांनी शिकवलं तसं केलं. मेलेल्या कोकराचं कातडं काढून पोरक्याच्या अंगावर सदऱ्यासारखं चढवलं. मेंढीने हुंगलं. परत हुंगलं. मग मागचा पाय सरकवून आचळ मोकळं केलं. तीन दिवसांनी कातडं काढलं, तोवर तिचं दूध त्याच्या पोटातून फिरून त्याला तिचाच वास लागला होता.

त्या रात्री मी मेंढरांत बसून खूप रडलो, का ते सांगता येत नाही. आपण ज्याच्या पदरात पडतो ते आपल्या अंगच्या वासाने पडत नाही, एवढं कळलं. दुसऱ्या कुणाचं तरी पांघरूण आपल्या अंगावर असतं.

वाचनमात्र:
काका, दंडवत. आणि टाइप करून देणाऱ्या नातवाचे आभार.

दुसरीबाजू:
काका, तुम्ही आवाजाचं सांगितलंत, तसं चेहऱ्यांचं अभ्यासातही आलंय. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मेंढ्या पन्नास इतर मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षांहून जास्त काळ लक्षात ठेवतात असं दिसलं. 2017 मध्ये केंब्रिज विद्यापीठात मेंढ्यांना फोटोवरून माणसांचे चेहरे ओळखायला शिकवलं, आणि रोजच्या राखणदाराचा फोटो तर त्यांनी शिकवल्याशिवाय ओळखला. तेव्हा बावळट म्हणणाऱ्यांना हे सांगा.

वाटेतला_दगड:
सगळं वाचलं. कडू बोलतोय, माफी असावी. मेंढी ज्याचा आवाज ओळखते, ज्याच्यावर भरवसा ठेवते, तोच तिला एक दिवस बाजारात नेतो. ती त्याच्याच हाकेला ओ देत गाडीत चढते. या तुलनेतून देवाबद्दल नेमकं काय शिकायचं? कुणीच हे बोलत नाही म्हणून विचारलं.

मुक्काम_गोठा:
हे बोलायलाच हवं होतं का?

वाचनमात्र:
हवं होतं. उत्तर माझ्याकडे नाही, पण प्रश्न टाळून धागा पुढे नेण्यात अर्थ नाही.

उंबरठा:
दोन दिवस उत्तर लिहून खोडतोय. मी स्वतः गेल्या वर्षी दोन गोऱ्हे विकले. कुठे गेले ते विचारलं नाही, कारण उत्तर माहीत होतं. त्यातला पांढरा गाडीत चढायला तयार नव्हता. मी पुढे होऊन चुचकारलं तेव्हा चढला. त्या दिवशी मी जेवलो नाही, पण पैसे घेतले.

म्हणजे वाटेतला_दगड यांचा प्रश्न माझ्यावरच आहे. मी उत्तर देऊ शकत नाही.

कळपामागे:
मी देतो, जमेल तसं.

मेंढरू विकतो तेव्हा मी देव नसतो, पोटाला भुकेला माणूस असतो. मेंढी माझ्यावर भरवसा ठेवते तो माझ्या लायकीपेक्षा मोठा असतो. हे मला चाळीस वर्षं टोचतंय आणि टोचायलाच पाहिजे. ज्या दिवशी टोचणार नाही त्या दिवशी मी काठी खाली ठेवावी.

तुलनेचा एक पाय तिथे लंगडा आहे, हे कबूल. राखणदाराची तुलना देवाला पुरत नाही. पण मला माझ्यात काय कमी आहे ते कशामुळे कळतं? मेंढी माझ्याकडे ज्या नजरेने बघते त्या नजरेला पुरा पडेल असा कुणी असावा, असं मला वाटतं म्हणून. ती चुकीच्या माणसाकडे बघत असेल. तिची नजर चुकीची नाही.

वाटेतला_दगड:
काका, हे उत्तर मला पटलं असं नाही म्हणत. पण तुम्ही प्रश्नाला पाठ दाखवली नाहीत. नमस्कार करतो.

रात्रपाळीची_पशुवैद्य:
जरा उशिरा आले. दोन गोष्टी सांगायच्या आहेत, एक रागाने आणि एक प्रेमाने.

आधी राग. "देवावर भरवसा" हे शब्द मी ज्या गोठ्यांत सगळ्यांत जास्त ऐकते तिथे मला बहुतेक वेळा उशिरा बोलावलेलं असतं. गाय व्याल्यावर दुसऱ्या दिवशी बसली, कान गार पडले, मान कुशीकडे वळवून धरली, की तो दुग्धज्वर. चिकात आणि दुधात एकदम कॅल्शियम निघून जातं आणि स्नायूंतलं बळ जातं. शिरेतून कॅल्शियम सावकाश, छातीचे ठोके ऐकत ऐकत सोडलं, तर बरेचदा तासाभरात तीच गाय उठून उभी राहते. काही तास वाया गेले तर मरू शकते. बसलेल्या गायीच्या नरड्यात काढा ओतू नका, तो फुप्फुसात जातो. वासरामागून पडणारी वार बारा तासांत पडली नाही तर ओढू नका, तिला वजन बांधू नका, फोन करा. लस वेळेवर टोचून घ्या. हे न करता "तो बघेल" म्हणणं हा भरवसा नाही. ते आपलं काम त्याच्या अंगावर ढकलणं झालं.

आता दुसरं. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगात रोगाशी लढायची ताकद जवळजवळ नसते. गायीच्या वारेतून प्रतिपिंडं वासरात जातच नाहीत. जे मिळायचं ते चिकातून. तेही पहिल्या काही तासांत, कारण साधारण चोवीस तासांत आतड्याचं ते दार बंद होतं. म्हणून वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा चीक लवकरात लवकर पाजायचा. तीस किलोच्या वासराला तीन लिटर. हे मी हजारदा सांगितलंय.

पण रात्री तीन वाजता टॉर्चच्या उजेडात ओलं वासरू चार वेळा पडून पाचव्यांदा उभं राहतं आणि तोंड वर करून आईच्या पोटाखाली शोधायला लागतं, तेव्हा मी काही सांगण्याच्या मनःस्थितीत नसते. आयुष्यात एकदाही दूध पाहिलेलं नाही, तरी आहे असं धरून शोधतंय. कधी पुढच्या पायांत शोधतं, कधी भिंतीला चोखतं. चुकतं, पण शोधणं सोडत नाही. प्रार्थना म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मी त्याला त्या गोठ्यात उभं करीन.

दुसरीबाजू:
डॉक्टर, त्याला चोखण्याची उपजत प्रेरणा म्हणतात.

रात्रपाळीची_पशुवैद्य:
माहीत आहे, परीक्षेत लिहिलंय मी ते. उपजत आहे म्हणून तर सांगितलं. उपजत तहान आहे आणि पाणी कुठेच नाही, असं मी अजून कुठल्या जनावरात पाहिलेलं नाही.

दुसरीबाजू:
हं. यावर विचार करावा लागेल. लगेच उत्तर देत नाही.

मुक्काम_गोठा:
थोडं अवांतर. डॉक्टर आहेत तर विचारून घेतो. आमची एक गाय आईशिवाय कुणालाच पान्हा सोडत नाही. आई आजारी पडली तेव्हा मी तासभर बसलो, कास टणक, दूध येईना. शेवटी आईचं जुनं जॅकेट घातलं आणि तिच्यासारखं गुणगुणत बसलो तेव्हा धार लागली. असं का होतं?

रात्रपाळीची_पशुवैद्य:
कास चोळली, ओळखीचा आवाज आला, की ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटतं आणि पान्हा येतो. त्याचा जोर पाच-सात मिनिटंच टिकतो, तेवढ्यात धार काढायची. गाय घाबरली की ॲड्रेनलिन हे भीतीचं संप्रेरक येऊन तेच अडवतं. दूध कासेत असतं, पण भीतीपोटी खाली उतरत नाही. म्हणून धारेच्या वेळी आरडाओरड नको, अनोळखी माणूस नको, कुत्रं नको. आणि बाजारात मिळणारं पान्ह्याचं इंजेक्शन रोज टोचू नका, हात जोडून सांगते.

शेळीपुराण:
जॅकेट घालून गायीपुढे गुणगुणणारा मुलगा डोळ्यांसमोर आला. आईला सांगितलंत की नाही?

मुक्काम_गोठा:
सांगितलं. जॅकेट आता गोठ्यातच टांगून ठेवलंय.

थेंबथेंब:
"दूध असतं पण भीतीपोटी उतरत नाही." डॉक्टरताई, हे मी माझ्यावर घेतलं. माझ्याकडे म्हशी आहेत. म्हैस दहा महिने दहा दिवस गाभण राहते, गायीपेक्षा जवळजवळ महिनाभर जास्त. तिला कसलीच घाई नाही. मला मात्र असते. पोटात वासरू हलतंय का म्हणून रोज कूस दाबून बघणारी मी. सासूबाई म्हणायच्या, "अगं, तू मोजलंस म्हणून दिवस लवकर भरत नाहीत."

माझं स्वतःचं मूल राहायला अकरा वर्षं लागली. त्या वर्षांत कुणी मला धीर धर म्हटलं की मला चीड यायची. म्हशीने कधी म्हटलं नाही. ती नुसती शेजारी उभी राहून रवंथ करायची. दिवसाचे सात-आठ तास जनावर खाल्लेलंच परत वर आणून चावतं. पटकन गिळलेलं असतं, ते मग निवांत बसून पचवतं. माझ्या बाबतीत देवाने जे एकदम पुढ्यात टाकलं ते पचवायला मला गोठ्यातच बसावं लागलं. बाकी लोकांना माझं गप्प बसणं म्हणजे श्रद्धा वाटायची. ती श्रद्धा होती का थकवा, आजही सांगता येत नाही.

रिकामं_दावं:
मी हा धागा पहिल्या दिवसापासून वाचतोय आणि रोज बंद करतोय. आज लिहितो.

लम्पी त्वचारोगाच्या साथीत माझ्या पाचातल्या तीन गायी गेल्या. अंगभर गाठी, पाय सुजलेले, ताप उतरत नव्हता. मच्छर, माश्या, गोचीड यांच्यातून पसरतो म्हणतात. धूर केला, फवारणी केली, आजारी जनावर वेगळं बांधलं. लस यायच्या आधी आजार आला. तेव्हा शेळीच्या देवीची लसच गायींना यावर देत होते, ती मागून मिळाली आणि उरलेल्या दोन वाचल्या.

डॉक्टरताई म्हणतात तसं मी सगळं केलं. फोन केले, रात्री जागलो. आणि देवाला जेवढं मागता येतं तेवढं मागितलं. सगळ्यांत म्हातारी गाय, माझ्या लग्नाच्या आधीपासूनची, शेवटच्या दिवशी उठत नव्हती. मी पाण्याची बादली घेऊन आत गेलो. तिला तहान नव्हती. तरी पाणी प्यायली, कारण मी धरलं होतं. मग गेली.

पिसाराताई, पापुद्र्याची गोष्ट मला लागू पडत नाही. त्या तीन गायींच्या आत कुठलं काम पुरं होत होतं ते मला दिसलेलं नाही आणि कुणी दाखवायचा प्रयत्नही करू नये. गायींकडून मी देवावर भरवसा ठेवायला शिकलो नाही. उलटं झालं. माझ्यावर कुणीतरी भरवसा ठेवतंय हे कळलं. तिला माझं काहीच उपयोगी पडणार नव्हतं, तरी माझ्या हातातलं पाणी तिने नाकारलं नाही.

आजही मी देवाला काही मागत नाही. पण उरलेल्या दोघी पहाटे साडेचारला हंबरतात आणि मी उठतो. मी उठणार याबद्दल त्यांना शंका नसते.

पिसारा:
दादा, मी काही दाखवणार नाही. तुमचं लिहिणं तीनदा वाचलं.

कळपामागे:
नातवाने वाचून दाखवलं. तुमच्या शेजारी येऊन बसावंसं वाटलं, बोलायला नाही, नुसतं.

दुसरीबाजू:
रिकामं_दावं, या धाग्यात मी बऱ्याच जणांना अडवलं. तुम्हाला अडवण्यासारखं माझ्याकडे काही नाही. मी अजूनही मानत नाही. पण उंबरठा यांना "उडी तुमची आहे" असं मी लिहिलं होतं, ते जरा घाईचं झालं. भरवसा म्हणजे काही तरी मिळेल असा अंदाज, असं मी धरून चाललो होतो. त्या म्हाताऱ्या गायीचा अंदाज नव्हता.

शेळीपुराण:
एक आठवलं. जनावर सावलीला बिचकतं. जमिनीवर सावलीची रेघ पडली की गाय ती ओलांडत नाही, तिला तो खड्डा वाटतो. गायीला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण खोली नीट कळत नाही. ओढलं तर पाय रोवते. वडील ओढायचे नाहीत. ते स्वतः रेघेपलीकडे जाऊन पाठमोरे उभे राहायचे. मग ती मान खाली घालून सावली हुंगायची आणि एक पाऊल टाकायची. माझा देवावरचा विश्वास एवढाच आहे. कुणीतरी त्या रेघेपलीकडे आधी जाऊन उभं आहे.

वाचनमात्र:
उंबरठा, तुम्ही बरेच दिवस गप्प आहात. मूळ प्रश्न तुमचा होता. आणि कालवडीचं काय?

उंबरठा:
गप्प नाही, रोज वाचतोय.

तुलना खरी का खोटी असं विचारलं होतं. आता वाटतं, मी ती नीट पाहिलीच नव्हती. पोतं टाकल्यावर ती शांत झाली, याचा अर्थ तिने माझ्यावर भरवसा ठेवला असा मी लावला होता. खरं म्हणजे ती अंधारात थकून थांबली होती. भरवसा त्या रात्री नव्हता. तो बावीस दिवसांत आला असेल तर आला असेल, घमेलं बघून थरथरतानाही जी दावं तोडून पळाली नाही त्यात. म्हणजे मला देवाशी बोलायला लागायचं तर आधी न घाबरण्याची वाट बघायला नको. थरथरतच बसता येईल.

परवा पहिल्यांदा बसलो. वडिलांच्या जागेवर, गव्हाणीशेजारी. दोन वाक्यं बोललो. त्यातलं एक भांडणाचं होतं.

कालवडीची कास भरलीय, शेपटीच्या दोन्ही बाजूंचे बंध सैल झालेत. आज दुपारपासून चारा खात नाही, उठबस चाललीय. पायाची जखम पूर्ण भरलीय, जरा लंगडते. डॉक्टर, आहात का?

रात्रपाळीची_पशुवैद्य:
आहे. आज रात्रीच विईल असं दिसतंय. सुकं गवत अंथरा, लोकांची गर्दी नको. दोन पुढचे पाय आणि त्यावर नाक टेकलेलं, असं दिसलं तर काही करू नका. खुरांचे तळवे वरच्या बाजूला दिसले, एकच पाय दिसला, किंवा पाय दिसल्यावर तासाभरात पुढे काहीच सरकलं नाही, तर लगेच जवळच्या डॉक्टरांना बोलवा. त्यांना आत्ताच फोन करून ठेवा. बेंबीला लावायला आयोडीन आहे ना?

उंबरठा:
आहे. डॉक्टरांना फोन झालाय, येतो म्हणालेत.

पिसारा:
आम्ही जागे आहोत.

रिकामं_दावं:
मीही. लंगडा पाय भिंतीकडे येणार नाही असं बांधा, बसताना तिला त्या बाजूला जोर लावता येणार नाही. नाहीतर सोडूनच ठेवा, ते बरं.

उंबरठा:
सोडली, दादा. कोपऱ्यात जाऊन बसली.

थेंबथेंब:
काय झालं?

उंबरठा:
पाणमोट फुटली. दोन खुरं दिसतायत, तळवे खाली. नाक अजून दिसत नाही. ती मान वळवून माझ्याकडे बघतेय. फोन ठेवतो.